आयत पाच लिहिलीस, सहावी कुठाय?

प्रथम वर्षाला असताना मी 'धर्मग्रंथ आणि दहशतवाद' असा एक निबंध लिहिला होता. गुण चांगले मिळाले. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाताना तो मी कौतुकाने बरोबर नेला. आज अभ्यासवर्गासाठी लिहायला बसले आहे ते खरं तर त्या निबंधाची दुरुस्ती म्हणून.

आमचं घर बुऱ्हाणपूरला, शनवाऱ्यात. मध्य प्रदेशात असलं तरी आमच्याकडे मराठी परकी नाही. रावेर, भुसावळ हाकेच्या अंतरावर. आजोबा रेल्वेतल्या नोकरीसाठी भुसावळला आले आणि पपांनी पुढे बुऱ्हाणपुरात मोटर वाइंडिंगचं दुकान टाकलं. पॉवरलूमचं गाव, त्यामुळे जळलेल्या मोटरींना तोटा नाही. आमच्या भिंतीला भिंत लागून एक अन्सारी कुटुंब राहतं. त्यांची मुलगी आणि मी पहिलीपासून एका बाकावर. नाताळचे कुलकुल त्यांच्याकडे जातात, ईदचा शीरखुर्मा आमच्याकडे येतो. हे सगळं इतकं सवयीचं की त्याबद्दल कधी बोलावंसंही वाटलं नाही.

तर त्या दिवाळीत मी गच्चीवर बसून तिला माझा निबंध वाचायला दिला. त्यात मी कुरआनच्या नवव्या सूरेतली, म्हणजे सूरह तौबातली, पाचवी आयत घेतली होती. अनेकेश्वरवाद्यांशी लढण्याची आज्ञा देणारी ती प्रसिद्ध आयत. ती मी कुठल्या ग्रंथातून नाही, मोबाइलवर आलेल्या एका चित्रातून उचलली होती. आणि पुढे एकच वाक्य लिहिलं होतं, की निष्पापांच्या हत्येला या धर्मात मुभा आहे, हे त्यांचाच ग्रंथ सांगतो.

तिने शांतपणे वाचलं. कागद घडी करून परत दिला. म्हणाली, "आयत पाच लिहिलीस. सहावी कुठाय?"

मला सहावी माहीत नव्हती. चौथीही नव्हती. ती उठून खाली गेली. पुढचे चार दिवस आमच्यात बोलणं झालं नाही. चौदा वर्षांच्या मैत्रीत असं पहिल्यांदाच झालं.

सहावी आयत आणि चौथी

मग मी वाचायला बसले. चौथ्या आयतीत, ज्यांनी तुमच्याशी केलेला करार पाळला त्यांना या लढाईतून वगळलं आहे. सहावीत, त्याच शत्रुपक्षातला कुणी आसरा मागत आला तर त्याला आसरा द्यावा आणि त्याच्यासाठी सुरक्षित अशा जागी पोचवावं, असा अर्थ आहे. म्हणजे मी जी ओळ 'सगळ्या परक्यांना मारा' म्हणून वाचली, ती करार मोडणाऱ्या एका विशिष्ट शत्रूबद्दलची होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना कुंपण होतं. मी कुंपण काढून मधली ओळ घेतली.

पण इथेच थांबले तर तोही अर्धा अभ्यास होईल. या आयतीने सलोख्याच्या अनेक आयती रद्द झाल्या, असं मानणारे भाष्यकार जुन्या काळी होते. या रद्द होण्याला 'नस्ख' म्हणतात. इतर भाष्यकारांना ते मान्य नव्हतं. तेव्हा 'ग्रंथ काय म्हणतो' याचं उत्तर एका आयतीत नसतं. ती आयत कोण, कशी, कोणत्या परंपरेत वाचतं यात असतं. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे नवं नाही. कवितेची एक ओळ तोडून परीक्षेत अर्थ लिहिला तर आपले सर काय म्हणतील ते आपल्याला माहीत आहे. मग ग्रंथाच्या बाबतीत मी तेच का केलं?

आधी तीन शब्द

वाद समजायचा तर तीन शब्द नीट कळायला हवेत, कारण तिन्ही मराठीत येता येता वाकले आहेत.

पहिला, फतवा. आपल्याकडे 'पक्षाने फतवा काढला', 'प्राचार्यांचा फतवा' असं सहज म्हणतात, म्हणजे हुकूम. मुळात फतवा हे एका प्रश्नाचं उत्तर असतं. कुणीतरी लेखी प्रश्न विचारतो, त्याला इस्तिफ्ता म्हणतात. मुफ्ती धर्मशास्त्राच्या आधारे आपलं मत देतो. दुसरा मुफ्ती वेगळं मत देऊ शकतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 2014 मध्ये स्पष्ट केलं की फतव्याला कायद्याचं बळ नाही, तो कुणावर लादता येत नाही.

दुसरा, जिहाद. मूळ अर्थ झटणं, पराकाष्ठा करणं. त्यात मनाशी झगडणंही येतं आणि युद्धही येतं. युद्ध येतच नाही असं म्हणणं खोटं ठरेल; जुन्या फिक्हच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या, ग्रंथांत त्यावर सविस्तर प्रकरणं आहेत. पण प्रकरणं आहेत याचाच अर्थ नियम आहेत.

तिसरा शब्द मराठीत आलाच नाही, तो म्हणजे हिराबा. वाटमारी करून, हत्यार उपसून, लोकांमध्ये भय पसरवणं हा गुन्हा. त्याची शिक्षा पाचव्या सूरेच्या तेहतिसाव्या आयतीत आहे आणि ती अतिशय कडक आहे. एका निरपराधाला मारणं म्हणजे जणू साऱ्या माणसांना मारणं, या अर्थाची जी आयत सगळीकडे सांगितली जाते, ती तिच्या अगदी आधीची, बत्तिसावी. आज अनेक मुस्लिम अभ्यासक दहशतवादाला जिहादच्या नाही, हिराबाच्या खान्यात टाकतात. वाद आहे तो या खान्यांचा.

बुऱ्हाणपूरचे शेख निझाम

युद्धाचे नियम सांगणाऱ्या शाखेला 'सियर' म्हणतात. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात हनफी परंपरेतल्या मुहम्मद अश्शैबानी यांनी यावर ग्रंथ लिहिले. युद्धात एक स्त्री मारलेली आढळली तेव्हा पैगंबरांनी स्त्रिया आणि मुलांना मारायला मनाई केली, ही हदीस सर्व पंथ मानतात. पहिले खलिफा अबू बक्र यांनी सैन्याला दिलेल्या सूचना इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'त आहेत: स्त्री, मूल, म्हातारा यांना हात लावू नका, फळझाडं तोडू नका, मठात एकांतात राहणाऱ्यांना त्यांच्या वाटेने राहू द्या. ते मठवासी म्हणजे माझ्या धर्माचे संन्यासी. हे वाचताना मी थोडी थांबले.

आणि एक गोष्ट आमच्या गावातलीच निघाली. भारतात हनफी कायद्याचा एक प्रसिद्ध संग्रह म्हणजे 'फतावा-ए-आलमगिरी'. औरंगजेबाच्या काळात, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, अनेक उलेमांच्या मंडळाने तो तयार केला. त्या मंडळाचे प्रमुख होते शेख निझाम बुऱ्हाणपुरी. मी शनवारा दरवाजातून रोज जाणारी मुलगी, आणि मला हे नाव एकविसाव्या वर्षी कळलं.

पण इथेही एक फट आहे आणि ती लपवून चालणार नाही. जुन्या शास्त्रकारांकडे 'नागरिक' ही आजची कल्पना नव्हती. लढणारे आणि न लढणारे, असं ते बघत. स्त्रिया आणि मुलांबद्दल एकमत होतं. म्हातारे आणि संन्यासी यांच्याबद्दल काहींचं मत वेगळं होतं. शिवाय वेढा पडलेल्या किल्ल्यावर मंजनीकने, म्हणजे दगडफेकी यंत्राने, मारा केला आणि आत न लढणारे सापडले तर काय, याला बहुतेकांनी मुभा दिली होती, कारण मारा किल्ल्यावर असतो, त्या माणसांवर नसतो. आमच्याजवळच असीरगड आहे. 1601 मध्ये अकबराने तो घेतला तो लांबलचक वेढ्यानंतर. वेढा म्हणजे काय हे तो डोंगर बघितला की कळतं.

हीच फट पुढे वापरली गेली.

दुसरी बाजू काय म्हणते

1998 मध्ये ओसामा बिन लादेन आणि त्याच्या साथीदारांनी एक जाहीरनामा काढला आणि अमेरिकन नागरिकांनाही मारणं कर्तव्य ठरवलं. 2001 नंतर त्यांच्या बाजूने जे युक्तिवाद झाले ते साधारण असे. एक, लोकशाहीत लोक मत देतात, कर भरतात, म्हणून त्यांच्या सरकारच्या युद्धात ते सामील आहेत. निष्पाप कुणी नाहीच. दोन, ते आमची मुलं मारतात, आम्ही त्यांची मारणार, जशास तसं. तीन, मंजनीकला मुभा होती, मग बॉम्बला का नाही?

याला उत्तरं मुस्लिम विद्वानांनीच दिली. मत देणं म्हणजे हत्यार उचलणं नव्हे. जशास तसं करताना मर्यादा ओलांडू नका, हे दुसऱ्या सूरेतच आहे. आणि मंजनीकचा मारा किल्ल्यावर होता. स्टेशनवर गाडीची वाट बघणाऱ्या माणसांवर नेम धरून गोळ्या घालणं म्हणजे न लढणाऱ्यालाच लक्ष्य करणं. नेम कुणावर आहे हा कायद्याचा गाभा आहे, आणि तोच इथे उलटा झाला.

हा वाद नेहमीच स्वच्छ झाला असं नाही. युसुफ अल-करदावी यांच्यासारख्या नावाजलेल्या विद्वानाने अमेरिकेवरच्या हल्ल्याचा निषेध केला, पण इस्रायलमधल्या आत्मघाती हल्ल्यांना पाठिंबा दिला. त्याच सुमारास सौदी अरेबियाच्या प्रमुख मुफ्तींनी आत्मघाती हल्ल्यांना शरियतचा आधार नाही असं म्हटलं होतं. उलट दिशेलाही माणसं गेली. इजिप्तमधल्या 'अल-गमाआ अल-इस्लामिया' या संघटनेने शस्त्रसंधी जाहीर केल्यावरही नोव्हेंबर 1997 मध्ये तिच्या माणसांनी लक्सरला पर्यटकांचं हत्याकांड केलं. पुढे तुरुंगातल्या तिच्या नेत्यांनी आपलं चुकलं असं सांगणारी पुस्तकंच लिहिली. ज्याच्या लिखाणावर एक पिढी हिंसेकडे वळली तो सय्यद इमाम, म्हणजे 'डॉक्टर फझल', याने 2007 मध्ये तुरुंगातून आपले जुने निष्कर्ष मागे घेतले आणि अल-कायदावर टीका केली. त्याला उत्तर द्यायला अल-कायदाच्या अयमान अल-जवाहिरीला अख्खं पुस्तक लिहावं लागलं.

म्हणजे 'मुसलमान या विषयावर गप्प का?' हा प्रश्न, जो मी माझ्या निबंधात मोठ्या थाटात विचारला होता, तोच चुकीचा होता. ते गप्प नव्हते. मी ऐकत नव्हते.

2008: एक वर्ष

आपल्या देशातलं एकच वर्ष घेऊ. 25 फेब्रुवारी 2008 रोजी देवबंदच्या दारुल उलूममध्ये देशभरातल्या हजारो उलेमांची परिषद भरली आणि दहशतवाद इस्लामविरोधी असल्याचं जाहीर झालं. 31 मे रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर त्याच मजकुराचा रीतसर फतवा वाचला गेला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हैदराबादेत जमियत उलेमा-ए-हिंदच्या अधिवेशनात सुमारे 6,000 उलेमांनी त्याला दुजोरा दिला.

आणि त्याच महिन्याच्या 26 तारखेला दहा बंदूकधारी मुंबईच्या किनाऱ्यावर उतरले. तीन दिवसांत 166 माणसं मेली. सीएसटीच्या फलाटावर गावी जायला निघालेली माणसं होती, त्यांत मुसलमानही होते. नऊ हल्लेखोर मारले गेले, एक जिवंत सापडला.

मग प्रश्न आला त्या नऊ मृतदेहांचं काय करायचं. मरीन लाइन्सचं बडा कबरस्तान ज्यांच्या ताब्यात आहे त्या जामा मशीद ट्रस्टने जाहीर केलं, की आम्ही जागा देणार नाही. ज्यांनी हे केलं ते आमचे नव्हेत. इतर मुस्लिम संस्थांनीही त्याला साथ दिली. 9 डिसेंबरला बकरी ईद होती. समाजातल्या नेत्यांनी ईद साधेपणाने साजरी करा, काळ्या फिती लावा, असं आवाहन केलं आणि लोकांनी ते पाळलं. मृतदेह वर्षाहून जास्त काळ जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात राहिले. एप्रिल 2010 मध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी विधान परिषदेत सांगितलं, की जानेवारीत गुप्त जागी त्यांचं दफन करण्यात आलं.

फतवा कागदावर असतो. कबर नाकारणं हा जमिनीवरचा निर्णय. मला वाटलं, इथे वाद संपला. माझ्या नव्या निबंधाला छान शेवट मिळाला. पण तो शेवट शनवाऱ्यात टिकला नाही.

एका ओसरीवरचा वाद

चौथ्या दिवशी मी मैत्रिणीकडे गेले आणि म्हणाले, "सहावी वाचली. चौथीपण." ती काही बोलली नाही, पण बाजूला सरकून बसायला जागा दिली. मी मुंबईच्या कबरस्तानाचा विषय काढला तो तिला बरं वाटावं म्हणून. पण तिथे तिचे चाचाही बसले होते आणि दादाजानही.

चाचा 2008 मध्ये मुंबईत कापडाच्या दुकानात नोकरीला होते. त्या ईदला त्यांनीही काळी फीत लावली होती. ते म्हणाले, "बरोबर केलं ट्रस्टने. आमचीही माणसं गेली त्यात. मारणारा आणि मरणारा एकाच मातीत कसा झोपवायचा? त्यांच्या बाजूला आपल्या आईची कबर आहे असं समज. तू देशील जागा?"

दादाजानांची दृष्टी अधू झाली आहे, पण उभं आयुष्य मागावर गेल्यामुळे आवाज मोठा. यंत्राच्या खटखटाटावर बोलायची सवय. ते म्हणाले, "नमाज एक बात है, मिट्टी दूसरी बात. नमाज मत पढो, हक है तुम्हारा. मगर मिट्टी तो देनी पडती है."

त्यांचं म्हणणं मी नंतर ताडून बघितलं. हनफी फिक्हमध्ये बंडखोर आणि वाटमारी करणारे लढताना मेले तर त्यांच्यावर जनाजाची नमाज पढली जात नाही, असा नियम आहे. आत्महत्या केलेल्या एका माणसाची नमाज पैगंबरांनी स्वतः पढवली नाही, अशीही हदीस आहे. म्हणजे समाजाने नाराजी दाखवायची जागा शास्त्रातच ठेवली आहे. पण मुसलमानाचं प्रेत मातीआड करणं हे साऱ्या समाजावरचं सामाईक कर्तव्य, फर्ज-ए-किफाया. कुणीतरी ते केलं की सगळे सुटतात. कुणीच केलं नाही तर सगळे दोषी.

चाचा म्हणाले, "पण ते मुसलमानच नव्हते, अब्बा."

यावर दादाजान जे बोलले ते मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवलं. "ये बोलना सबसे आसान है, बेटा. वो लोग भी यही करते हैं. जिसको मारना हो, पहले उसको काफिर बोल देते हैं."

ओसरीवर काही वेळ कुणीच बोललं नाही. बाजूच्या कारखान्यात माग चालू होते तेवढाच आवाज.

मुसलमानाला धर्मबाह्य ठरवण्याला 'तकफीर' म्हणतात. अल-कायदा असो की आयसिस, बहुसंख्य मुसलमानांना मारताना त्यांनी हेच हत्यार वापरलं. म्हणून तर 2004 च्या 'अम्मान संदेशा'नंतर पुढच्या वर्षी जॉर्डनमध्ये जमलेल्या वेगवेगळ्या पंथांच्या विद्वानांनी एकमेकांना धर्मबाह्य ठरवायला मनाई केली. दादाजानांना अम्मान ठाऊक नसेल. पण मुद्दा तोच होता: तो मुसलमान होता, त्याने महापाप केलं, आणि तो आपलाच होता हे आपल्याला सोसावं लागेल. त्याला बाहेर काढलं की आपण मोकळे होतो, पण प्रश्न मोकळा होत नाही.

चाचांना हे पटलं नाही. ते म्हणाले, "अब्बा, आप इधर थे. मैं उधर था." तेही खरं होतं. ट्रस्टच्या लोकांना सगळी मुंबई बघत होती, आणि त्या दिवसांत एक ठाम, सगळ्यांना समजेल असा 'नाही' म्हणणं गरजेचं होतं. त्या 'नाही'मुळे कित्येक वस्त्यांमध्ये शांतता राहिली असेल. कोण चूक? मला आजही ठरवता येत नाही. पण एक कळलं. निष्पापांना मारावं का, हा त्या ओसरीवरचा वादच नव्हता. त्यावर बापलेकाचं एकमत होतं. वाद होता तो, ज्याने मारलं त्याचं काय करायचं यावर.

मैत्रिणीचा प्रश्न

चहा झाल्यावर मैत्रीण मला दारापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "तू वाचलंस, बरं वाटलं. पण मला सांग, प्रत्येक वेळी आम्हीच का सांगायचं, की आम्ही तसे नाही?"

तिने मालेगावचं नाव घेतलं. तेही आमच्यासारखंच पॉवरलूमचं गाव. 8 सप्टेंबर 2006 रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, जुम्म्याच्या नमाजानंतर तिथल्या बडा कबरस्तानाजवळ स्फोट झाले. मेले ते नमाज पढून बाहेर पडणारे. आणि पकडले गेले तेही मुसलमान तरुण. त्या नऊ जणांना न्यायालयाने 2016 मध्ये आरोपमुक्त केलं. त्यातला एक तोपर्यंत हयात नव्हता. आधी मरायचं, मग संशयित व्हायचं, आणि वर निषेधाचा कागदही आपणच वाचून दाखवायचा. तिचा राग मला तेव्हा कळला.

मी तिला उत्तर दिलं नाही, पण घरी येऊन आमच्या धर्माकडे बघितलं. गोव्यात 1560 ते 1812 पर्यंत, मधला छोटा काळ सोडला तर, इन्क्विझिशन होतं. आयर्लंडमध्ये कॅथलिक घरांतल्या मुलांनी दुकानांत आणि दारूच्या गुत्त्यांत बॉम्ब ठेवले. 1979 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी द्रोहेडाला जाऊन त्यांना 'गुडघे टेकून विनवतो' अशा शब्दांत हिंसा सोडण्याची विनवणी केली, तरी बॉम्ब पुढे कित्येक वर्षं फुटतच राहिले. या सगळ्याचा खुलासा शनवाऱ्यात मला आजवर कुणीही मागितला नाही. तिच्या अम्मीने नाही, दादाजानांनी नाही. नाताळचे कुलकुल देताना मला कधी म्हणावं लागलं नाही, की मी तशी नाही.

आणि कबरीचा प्रश्न आमच्याकडेही आहे. 1983 च्या आमच्या धर्मसंहितेतलं कलम 1184 सांगतं, की ज्यांच्या अंत्यविधीने श्रद्धावंतांना उघड धक्का बसेल अशा जाहीर पाप्यांना, पश्चात्तापाची काही खूण दिसली नसेल तर, चर्चचा अंत्यविधी नाकारावा. म्हणजे आमच्या दफनभूमीच्या दाराशीही हाच वाद उभा राहू शकतो, आणि तिथेही कुणी चाचा असेल, कुणी दादाजान असतील.

दुरुस्ती

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी गांधी चौकातल्या जामा मशिदीत गेलो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी सुलतान राजा अली खानने बांधलेली काळ्या दगडाची मशीद. आतल्या भिंतीवर अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे. लहानपणी शाळेच्या सहलीत तो दाखवला होता तेव्हा आम्ही दोघी जिलेबीच्या विचारात होतो. या वेळी उभ्या राहून बघितला. अरबी मला येत नाही, संस्कृत तिला येत नाही. ज्याने दोन्ही कोरून घेतले त्याला बहुधा वाटलं असेल, की वाचणारे शेजारी उभे राहतील आणि एकमेकांना विचारतील.

तर माझ्या जुन्या निबंधातलं ते वाक्य मी मागे घेते. त्याच्या जागी हे लिहिते: न लढणाऱ्याला मारू नये हा नियम इस्लामी धर्मशास्त्रात शतकानुशतकं आहे. त्यातल्या फटी शोधून तो मोडणारेही त्याच धर्माच्या नावाने बोलतात. त्यांच्याशी सगळ्यांत जास्त भांडलेत ते मुसलमानच, कधी फतव्याने, कधी पुस्तकाने, कधी कबर नाकारून, आणि कधी कबर नाकारू नये असं म्हणून. हे भांडण बाहेरून ऐकू येत नाही, कारण ते ओसरीवर चालतं. ऐकायचं तर ओसरीवर जाऊन बसावं लागतं.

पुढच्या बैठकीसाठी तीन प्रश्न ठेवते. प्रत्येकाने येताना विचार करून यावं.

1. 'ते आमचे नव्हेतच' आणि 'ते आमचेच होते, पण त्यांनी महापाप केलं' यांतलं कोणतं वाक्य म्हणायला जास्त धैर्य लागतं?

2. एखाद्या समाजाकडून आपण निषेधाची अपेक्षा करतो, तेव्हा तीच अपेक्षा स्वतःच्या समाजाकडून केली आहे का? कधी, कोणत्या प्रसंगी?

3. तुम्ही अलीकडे कोणत्या ग्रंथातलं एक वाक्य पुढे पाठवलं? त्याच्या आधीचं आणि नंतरचं वाक्य वाचलं होतं का?

हा लेख पाठवण्याआधी मी मैत्रिणीला वाचायला दिला. तिने दोन ठिकाणी माझे अरबी शब्द सुधारले. दादाजानांनी मिट्टीबद्दल जे म्हटलं ते तसंच ठेव, असं बजावलं. आणि चाचांचं म्हणणंही तितकंच नीट लिही, म्हणाली, कारण घरात तो वाद अजून मिटलेला नाही.